नव्वद मैलांपलीकडचं फूल

ओहायोतल्या ब्रॅक्स्टन गावचा रहिवासी व्हर्लिन ऑस्ट्रँडर हा सरकारी मोजणीदार होता आणि तिकीट काढून कुठेही आत शिरणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. ज्यांनी आधी विचार केलेला नसतो ते लोक तिकीट काढतात, असं त्याचं ठाम मत होतं.

व्हर्लिनने विचार केलेला होता. साउथ डकोटातल्या एका खेड्यात बटणांचं संग्रहालय आहे, तिथलं कौटुंबिक सदस्यत्व सगळ्यांत स्वस्त. ते संग्रहालय ऑस्ट्रँडर कुटुंबाने पाहिलेलं नव्हतं आणि पाहण्याचा बेतही नव्हता. पण त्या कार्डाच्या पाठीवर एक तारा छापलेला होता, आणि परस्पर सवलतीच्या करारानुसार तो तारा दाखवला की तीनशे संग्रहालयं आणि उद्यानं फुकटात आत घेत. या ताऱ्याच्या जोरावर तीन वर्षांत व्हर्लिनने बायकोला आणि मुलीला काटेरी तारांचं संग्रहालय, हातपंपांचं संग्रहालय आणि एका माजी राज्यपालाच्या टोप्या दाखवल्या होत्या. सँडविचेस अर्थातच घरून नेलेली.

यंदा मात्र आठ वर्षांच्या रेनने हट्ट धरला. घरापासून चार गल्ल्यांवर गावाचं वनस्पती उद्यान होतं आणि तिथे एक राक्षसी फूल उमलणार होतं. सात वर्षांतून एकदा, ते पण एखाद-दुसरा दिवस.

"बाबा, त्याला मेलेल्या उंदरासारखा वास येतो!" रेन नाचत म्हणाली. "मला तो घ्यायचाच आहे."

व्हर्लिन कार्ड घेऊन उद्यानाच्या खिडकीशी गेला. तिथे हिरव्या जाकिटातल्या प्रुइट आजी बसत. पगाराशिवाय काम करणाऱ्या माणसाचा नियमांवर असतो तितका विश्वास त्यांचाही होता.

"तारा आहे खरा," त्या म्हणाल्या, "पण घर इथून नव्वद मैलांच्या आत असेल तर ही सवलत लागू नाही. तुमचं कुठं आहे?"

व्हर्लिनने बोटाने दाखवलं. घराचं धुराडं तिथून दिसत होतं.

"अहो, मग तिकीट काढा ना. फूल उमलायला अजून महिना आहे, गर्दी व्हायच्या आत घेऊन ठेवा."

"प्रश्न तिकिटाचा नाही," व्हर्लिन म्हणाला. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

घरी येऊन त्याने नियमावली वाचली. अंतर रस्त्याने नव्हे, नकाशावर सरळ रेघ ओढून मोजायचं, असं चौथ्या कलमात होतं. हे वाचून मोजणीदाराला स्फुरण चढलं. सासूबाई, म्हणजे लॉर्ना, दक्षिणेला राहत. त्यांचं घर भरलं एकोणनव्वद मैल आणि काही फर्लांग. पण परसातला कोंबड्यांच्या खुराड्यामागचा कोपरा नव्वदच्या पलीकडे अकरा फूट जात होता.

"अकरा फुटांत काय मावतं?" त्याची बायको जनेल हिने विचारलं.

"ट्रेलर, चाकांवरचं घर. आडवा लावला तर."

"आणि माझी नोकरी? रेनची शाळा?"

"महिन्याभराचा प्रश्न आहे गं. थोडी कळ सोस."

लॉर्ना मात्र फटकळ होत्या. "माझ्या पोरीला तू कोंबड्यांच्या शेजारी ठेवणार, व्हर्लिन? त्यापेक्षा तिकिटाचे पैसे मी देते!"

"लॉर्ना, तुम्ही देणार म्हणजे ते कुणीतरी देणारच ना?" व्हर्लिन म्हणाला. दुसऱ्याच दिवशी ट्रेलर आला.

रहिवासाचा पुरावा हवा म्हणून ट्रेलरला स्वतंत्र वीजजोडणी घेतली. व्हर्लिनने स्वतःच्या आणि जनेलच्या वाहनचालक परवान्यावरचा पत्ता बदलला आणि मतदार यादीतली नावंही तिकडे हलवली. रेनचं नाव नव्या शाळेत घातलं. जनेल पहाटे उठून दोन तास गाडी हाकत ब्रॅक्स्टनला कामाला जाई आणि संध्याकाळी तितकीच हाकत परत येई, त्या उद्यानाच्या फाटकावरून. रेन रोज विचारी, "आज उमललं का?" आणि जनेल मान हलवी. तिला त्या दिवसांत नवऱ्याचा मनापासून राग येत असे.

अखेर एका शनिवारी फूल उमललं. ऑस्ट्रँडर कुटुंब दुपारी तीनला खिडकीशी हजर झालं. व्हर्लिनने कार्ड, परवाना, विजेचं बिल आणि स्वतः सही केलेला मोजणी नकाशा प्रुइट आजींपुढे मांडला.

आजींनी नकाशा दोनदा तपासला. "बिनचूक आहे हो. तुम्ही नव्वद मैलांबाहेरचेच. पण या फुलाचे दोन दिवस हे विशेष प्रदर्शन आहे. त्याला परस्पर सवलत चालत नाही."

"मग आज फुकटात आत कोण जातंय?"

"ब्रॅक्स्टनचे रहिवासी. त्यांना दोन्ही दिवस मोफत."

"आम्ही ब्रॅक्स्टनचेच!" व्हर्लिन ओरडला.

आजींनी त्याचाच परवाना त्याच्यापुढे धरला.

मग वाद सुरू झाला. व्हर्लिनने चौथं कलम काढलं, आजींनी नववं. व्यवस्थापक आला. रेनच्या जुन्या वर्गातली मुलं नाक दाबून खिदळत बाहेर पडली आणि तिला हात करून गेली. शेवटी जनेलने नवऱ्याला बाजूला सारलं, पर्स उघडली आणि म्हणाली, "दोन तिकिटं द्या. याला राहू दे बाहेर."

प्रुइट आजींनी घड्याळाकडे पाहिलं. "दहा मिनिटांपूर्वी मिटलं हो ते. एक दिवस आधीच."

रेन रडली नाही. तिने हवेत नाक वर करून पाहिलं. वास जवळजवळ विरला होता.

"आता परत कधी?"

"सात वर्षांनी," आजी म्हणाल्या.

"म्हणजे मी पंधरा वर्षांची असेन," रेन म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. व्हर्लिन मागून ओरडून सांगत होता की सोळाच्या आतल्यांना तोवर सवलत लागू होण्याची शक्यता आहे.

तुम्ही हसलात, ठीक आहे. पण दुसऱ्या परिच्छेदापासून तुमच्या मनात एकच प्रश्न घोळतोय: त्या बटणांच्या संग्रहालयाची वर्गणी नक्की किती? खुशाल चौकशी करा. फक्त त्याआधी, घराजवळ जे बघायला तुमचं पोर कधीचं मागे लागलंय, ते किती गल्ल्यांवर आहे तेवढं मोजून ठेवा.