साहेब, मला कमी करा!

"नोकरी धरायला अक्कल लागत नाही, सोडायला लागते!"

हे वाक्य कलमरावांनी कारखान्यातल्या प्रत्येकाला निदान तीनदा तरी ऐकवलं होतं. कारखाना प्लास्टिकच्या बादल्यांचा आणि कलमराव तिथले स्टोअरकीपर. प्लास्टिकचे दाणे किती आले, बादल्या किती गेल्या, कड्या किती उरल्या, हे लिहून ठेवायचं त्यांचं काम. त्यांचं खरं नाव पगाराच्या शीटवर असणारच, पण बाकी कुठे ते कुणी वापरत नसे. कुणी रजेचा अर्ज लिहायला बसला की हे त्याच्या मानेवरून वाकून म्हणणार, "आधी कलम सात वाच!" अशा माणसाला दुसरं काय नाव पडणार?

कंपनीची नियमपुस्तिका त्यांना तोंडपाठ होती. रुजू झाले त्या दिवशी हातात मिळालेली ती प्रत त्यांनी खाकी कव्हर घालून टेबलाच्या खणात जपली होती. कुणी नोकरी सोडायचं म्हटलं की आधी स्टोअरच्या दाराशी यायचा, आणि कलमराव खण उघडून गंभीर चेहऱ्याने त्याला मार्ग दाखवायचे. फुकट! सल्ल्याचे पैसे घेणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आता एकोणीस वर्षांनी त्यांची स्वतःची वेळ आली होती.

त्याला कारण बायकोचं शिलाई मशीन. ते मशीन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळकांडीत होतं, आणि घरात कुणालाही आंघोळीला जायचं झालं की बायकोला उठून, स्टूल उचलून, भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. एकोणीस वर्षांत तिने अर्ध्या वस्तीचे कपडे शिवले ते असे, उठत-बसत. आता पुढच्या रस्त्यावर एक गाळा रिकामा झाला होता. छोटासाच, पण त्याला रस्त्याकडे उघडणारी खिडकी होती. बायको तो एकदा बघून आली आणि त्या रात्री जेवताना खिडकीबद्दल तीन वेळा बोलली. कलमराव म्हणाले, "गाळा घेऊ. मी नोकरी सोडतो, ग्रॅच्युइटीतून डिपॉझिट भरतो. तू शिव, मी गिऱ्हाईक बघतो. शब्द दिला!" गाळ्याचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर मात्र एक इस्त्रीवाला टपून बसलेलाच होता.

"मग उद्याच राजीनामा देता?" बायकोने विचारलं.

"राजीनामा देतो तो मूर्ख!" कलमरावांनी पुस्तिका उघडली. "कलम बावीस! दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, तोही शेवटच्या पगाराच्या दराने. पण स्वतःहून सोडलं तर निम्मी रक्कम, आणि कंपनीने कमी केलं तर पूर्ण! आता सांग, शहाणा माणूस काय करेल?"

"काय करेल?"

"स्वतःला कमी करून घेईल!"

बायकोने सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "तेही बघा जमलं तर," ती म्हणाली. "अहो, पण एकदा तुमच्या कारखान्यातल्या हिशेबाच्या बाईंना विचारून घ्या ना."

"मी त्यांना विचारू? अगं, त्या बाई मला विचारतात!"

बाईंनी त्यांना आजवर एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे "माझी छत्री पाहिलीत का?" पण ते असो.

कलम बावीस पुन्हा पुन्हा वाचण्यात दोन आठवडे गेले, आणि मग एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कलमराव साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. भला माणूस, पण त्या दिवशी डोकं धरून बसला होता. बादल्यांची एक मोठी ऑर्डर हातची गेली होती आणि दाण्यांचे भाव वाढले होते. कलमरावांना वाटलं, वा! मुहूर्त बरा आहे. असल्याच वेळी कंपन्या माणसं कमी करतात.

"साहेब, एक विनंती होती. मला कमी करा!"

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"मला कमी करा. मी स्वतःहून सांगतोय, मनात कसलाही राग नाही. तेवढाच कंपनीवरचा भार हलका होईल."

साहेब बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं. "किती?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"एकोणीस वर्षं, साहेब!"

"एकोणीस वर्षं..." साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी कलमरावांचा हात दोन्ही हातांत धरला. "आणि एकोणीस वर्षांनी तुम्ही हे म्हणताय! घरी विचारलंत?"

"घरूनच ठरवून आलोय."

"धन्य आहात दोघं. काळजी करू नका, याच महिन्यापासून करतो. तुमच्या मनासारखं होईल!"

कलमराव तरंगतच घरी आले. "झालं!" त्यांनी दारातूनच आरोळी ठोकली. "दोन मिनिटांत! साहेबांना तर रडू आवरेना. गाळ्याच्या मालकाला सांगून टाक, खिडकी आपली!"

बायको हसली. ती क्वचित इतकं मनापासून हसायची, आणि ते हसू पाहून कलमरावांना एकोणीस वर्षांचा शीण गेल्यासारखं वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी ते कारखान्यात पोचले, तर नोटीस बोर्डासमोर ही गर्दी! त्यांना बघताच गर्दी दुभंगली. सगळे त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होते, जशी माणसं ताटातल्या केसाकडे बघतात. बोर्डावर साहेबांच्या सहीचा कागद होता:

'आपले स्टोअरकीपर यांनी कंपनीच्या अडचणीच्या काळात स्वतःहून आपला पगार कमी करण्याची विनंती केली आहे. ती स्वीकारून या महिन्यापासून त्यांच्या पगारात पंचवीस टक्के कपात केली आहे. त्यांचा हा आदर्श इतरांनीही डोळ्यांपुढे ठेवावा. यासाठी आज दुपारी सर्वांनी पॅकिंगच्या हॉलमध्ये जमावे.'

कलमरावांनी कागद एकदा वाचला, दोनदा वाचला. तिसऱ्यांदा अक्षरं हलू लागली.

"काय हो कलमराव," पॅकिंगचे दादा बाह्या सरसावत पुढे आले. दादा अंगाने कपाटाएवढे, आणि त्यांच्या घरात खाणारी तोंडं सात. "तुम्हाला पगार जास्त झाला असेल तर गटारात टाका ना! आमचा कशाला कापायला सांगता?"

"दादा, अहो मी पगार नाही म्हणालो! मी नुसतं 'मला' म्हणालो!"

"म्हणजे?"

आता म्हणजे काय, ते कसं सांगणार? ज्याने जन्मभर नियम शिकवले त्याला साधं एक वाक्य धड बोलता आलं नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तेवढ्यात हिशेबाच्या बाई आल्या. "अभिनंदन हं!" त्या म्हणाल्या. "पगार कापल्याबद्दल कुणाचं अभिनंदन करायची माझी पहिलीच वेळ. शीट आजच बँकेत पाठवली."

आणि मग कलमरावांच्या डोक्यात तो दुसरा धोंडा पडला. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर! म्हणजे चौथा हिस्सा नुसता पगारातून गेला नव्हता, एकोणीसच्या एकोणीस वर्षांतून गेला होता! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

दुपारी हॉलमध्ये रचलेल्या बादल्यांच्या समोर साहेबांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. कलमराव पाच वेळा "साहेब, जरा..." म्हणाले आणि पाचही वेळा साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "विनय पुरे!" मग साहेब सगळ्यांकडे वळले. "या माणसाने मला रस्ता दाखवला. आता सांगा, यांच्यामागून कोण पुढे येतंय?"

सगळे एकदम आपापल्या चपला बघू लागले. पॅकिंगचे दादा मात्र कलमरावांकडे बघत होते. रागाने नव्हे, आणि तेच वाईट होतं. ते काकुळतीला आल्यासारखे बघत होते. सात तोंडांचा हिशेब त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. कलमरावांना भयंकर लाज वाटली. अब्रू जाणारच असेल तर निदान एकट्याची जावी, असं मनाशी म्हणत ते खुर्चीवरून उठले.

"साहेब, माझा पगार नको कमी करायला! मला कमी करा!"

"तेच तर केलं."

"तसं नाही हो! मला कामावरून कमी करा! घरी बसवा! काढून टाका!"

सगळ्यांच्या नजरा चपलांवरून एकदम वर आल्या.

"तुम्हाला नोकरी सोडायची आहे?" साहेब गोंधळून म्हणाले. "मग सोडा की! राजीनामा द्या."

"राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी निम्मी मिळते. कमी केलं तर पूर्ण. कलम बावीस!"

"कुठलं कलम बावीस?" मागून हिशेबाच्या बाईंचा आवाज आला. "ते सहा वर्षांपूर्वी बदललं! आता स्वतः सोडा नाहीतर आम्ही काढू, रक्कम पूर्णच. नव्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे."

"नवी पुस्तिका? ती मला कुणी दिलीच नाही!"

"तुम्हाला कशी देणार? दोनशे प्रती छापून आल्या त्या तुमच्याच स्टोअरमध्ये आहेत. वाटायला म्हणून तुमच्याकडेच दिल्या होत्या."

कलमरावांना आठवलं. डाव्या हाताची मांडणी, वरून दुसरा कप्पा. 'पुस्तिका, नग दोनशे.' दर सहा महिन्यांनी ते नग मोजत होते. एकदाही उघडली नव्हती. काखेत कळसा, तोही दोनशे नग!

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

"एक मिनिट. जुन्या नियमाप्रमाणे कंपनीने कमी करायला हवं, हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलं होतं?"

"जो विचारेल त्याला," कलमराव पुटपुटले. "मी म्हणायचो, भांडू नका, फक्त साहेबांना नकोसे व्हा."

"नकोसे व्हा!" साहेब मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे तो मोल्डिंगवाला महिनाभर माझ्यासमोर शिट्ट्या वाजवत होता, तो... आणि ड्रायव्हर! माझ्या प्रत्येक वाक्याला 'मला नाही तसं वाटत' म्हणायचा! अहो, इतकी वर्षं जो कोणी गेला तो जायच्या आधी माझ्याशी असं विचित्र वागून गेला. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे! स्वभाव सुधारावा म्हणून मी दोन शिबिरं केली!"

यावर हॉल असा काही हसला की रचलेल्या बादल्यांची एक रांग कोसळली. साहेब स्वतःही डोळे पुसत हसू लागले. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी जागच्या जागी सगळी पगारकपात रद्द केली. दादांनी कलमरावांना असं काही कवटाळलं की थोडा वेळ त्यांना श्वासच घेता आला नाही.

"फक्त एक आहे," हिशेबाच्या बाई म्हणाल्या. "या महिन्याची शीट गेली. आत्ता सोडलंत तर शेवटचा पगार कापलेलाच धरावा लागेल. पुढचा महिना काम करा, पूर्ण पगार घ्या, आणि मग सुखाने जा."

पुढचा महिना! आणि गाळ्याची मुदत चार दिवसांवर!

कलमराव घरी निघाले ते पाय ओढत. वाटेत गाळा लागला, तिकडे त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. घरी बायको मशीनवर होती. ते बोळकांडीच्या तोंडाशीच उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न लपवता. दोनशे नगांसकट.

"आता डिपॉझिट वेळेवर जमत नाही गं," ते शेवटी म्हणाले. "मी शब्द दिला होता. गाळा इस्त्रीवाल्याला जाणार. माझ्या शहाणपणापायी तुझी खिडकी गेली."

बायकोने मशीन थांबवलं. शिवणीचा दोरा दाताने तोडला. मग मशीनच्या खणातून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. गाळ्याच्या डिपॉझिटची पावती होती ती. पूर्ण भरलेलं. तारीख बारा दिवसांपूर्वीची.

"हे... हे पैसे कुठून आले?"

"शिलाईचे. साठवलेले. कुणाकुणाच्या घरच्या लग्नांचे, कुणाकुणाच्या शाळेच्या गणवेशांचे."

"बारा दिवसांपूर्वी! म्हणजे मी साहेबांकडे जायच्याही आधी! अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते," बायको म्हणाली आणि पुन्हा पाय पट्टीवर ठेवला. "पण तुम्ही त्यातही कलम काढलं असतं."

कलमरावांनी पावती नीट वाचली. खालच्या ओळीत एक अट होती, तिच्याबद्दल त्यांना खरोखर काहीतरी म्हणायचं होतं. पण त्यांनी ते गिळलं, आणि एकोणीस वर्षांत प्रथमच आंघोळीला जायच्या आधी बायकोचं स्टूल स्वतः उचललं.