त्येच्या वर कोण?

अनगोळात बाळाप्पाच्या दारात पाणी मागणं धाडसाचं काम होतं. पाणी मिळायचं, सोबत गुळाचा खडाही मिळायचा. पण तांब्या हातात घट्ट धरून बाळाप्पा आधी विचारायचा, "कुणाचं तुमी?" बापाचं नाव सांगितलं की, "त्येच्या वर कोण?" आज्याचं सांगितलं की, "आन् त्येच्या वर?" पणज्यापर्यंत येईस्तोवर भल्याभल्यांची बोबडी वळायची. उन्हातून आलेला माणूस तांब्याकडं आशेनं बघत खापरपणजा आठवायला लागायचा. शेवटी बाळाप्पा तांब्या पुढं करायचा आणि म्हणायचा, "प्या. आठवलं की सांगून जावा."

आमच्या गल्लीतल्या बायका पाव्हण्यांना बजावून ठेवायच्या, "तहान लागली तर विहिरीवर जावा, पर त्या घराकडं फिरकू नका."

मी त्याचा शेजारी. एवढ्यावर भागलं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. पण मी बेळगावात जिल्ह्याच्या कचेरीत, दप्तरखान्यात कारकून. म्हणजे घरी बाळाप्पा, आणि शनिवारी बाजाराचं निमित्त काढून कचेरीतही बाळाप्पा! धोतराच्या सोग्यात भुईमुगाच्या शेंगा बांधून यायचा, माझ्या टेबलावर ओतायचा आणि म्हणायचा, "कारकून, त्यो निपाणीकडचा रुमाल सोडा की." रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. तांबड्या फडक्यात बांधलेलं जुन्या कागदांचं गाठोडं, त्याला रुमाल म्हणायचे. सोडला की आधी धूळ, मग झुरळं आणि मग मोडीतली गिचमिड. बाळाप्पा शाळेत जेमतेम दुसरीपर्यंत गेलेला, पण या नादापायी अर्धीमुर्धी मोडी शिकला होता. न कळलेला भाग तो मोठ्यानं वाचायचा. ओरडून वाचलं की कळतं, अशी त्याची समजूत होती. पलीकडचे कारकून माझ्याकडं बघून खाकरायचे, आणि शेंगा मात्र मूठ भरभरून न्यायचे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते गावाला ठाऊक होतं. निदान गावाला तसं वाटत होतं. बाळाप्पाला गंगाक्कानं वाढवलेलं. गंगाक्का आमच्या गल्लीतली विधवा, मूलबाळ नसलेली. 'पलेगात माझी भन गेली, तिचं पोर मी आणलं, बाप निपाणीकडचा,' एवढंच तिनं गावाला सांगितलेलं. त्यापुढं कुणी विचारलं की ती जात्यावर बसायची. ती वारली आणि बाळाप्पाला मूळ शोधायचं वेड लागलं. गावानं निकाल देऊन टाकला, "बापाच्या रानावर डोळा हाय गड्याचा."

माझं मत याहून वाईट होतं. मला वाटायचं, याला पूर्वजांत एखादा सरदार पाहिजे. हल्ली ज्याला बघावं त्याच्या घराण्यात घोडं आणि तलवार! नांगर म्हणून कुणाच्या घरी नव्हताच, ज्वारी आपोआप उगवत होती. मी त्याला चिडवायचो, "काय आप्पा, सरदार घावला काय?" तो दात काढायचा. "घावंल की. कुटं जातोय!" पण एक गोष्ट मला कळायची नाही. बाप निपाणीकडचा, तर हा खानापूरकडचे रुमाल कशाला सोडायला लावतो? येड्याला दिशा नसते, असं म्हणून मी शेंगा फोडायचो.

त्याचा दुसरा प्रश्न पहिल्याहून भारी होता. शेजारी बारसं होतं. पंगत बसलेली, पाव्हण्याच्या तोंडात लाडू, आणि बाळाप्पा वाकून त्याला विचारतोय, "तुमच्यात पलेगात कोण कोण गेलं हो?" बाळंतिणीची आई पळी घेऊनच धावली. "मेल्या, शुभ बोल की! पाळण्यात लेकरू हाय!" बाळाप्पानं पळी चुकवली, आणि जाता जाता पाव्हण्याला म्हणाला, "जेवून सांगा. घाई न्हाय."

एकदा गोरा साहेब जमाबंदीला आला. आम्ही सगळे पागोटी सावरून उभे, आणि हा बाबा गर्दीतून थेट साहेबापुढं. "सायबाच्या आज्याचं नाव काय?" दुभाषा मी! प्रश्न इंग्रजीत सांगावा लागला. पण साहेब रंगात आला. त्यानं आज्याचं सांगितलं, पणज्याचं सांगितलं. "त्येच्या वर?" साहेब मान हलवून म्हणाला, ठाऊक नाही. बाळाप्पानं साहेबाच्या दंडावर हात ठेवला. होय, हात ठेवला! "सायेब, जिवाला लावून घिऊ नका. घावत्यात." मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं की हा तुम्हाला उदंड आयुष्य चिंतितो आहे. माझी नोकरी त्या दिवशी अशी वाचली.

पण त्याचा खरा पराक्रम कोगनोळीचा. आमच्या भागात गावात परका माणूस आला आणि पूर्वजांची नावं विचारायला लागला, की तो वाटणी मागायलाच आला, यात कुणाला शंका नसते. बाळाप्पा जाईल तिथं दारं लागायची. कोगनोळीत मात्र उलटं झालं. तिथं दोन भावांचं रानावरून हाडवैर. धाकट्यानं बाळाप्पाला बघितलं आणि कडकडून मिठीच मारली. "ह्योच त्यो! आमचा हरवलेला चुलतभाऊ! बसा अण्णा, जेवा. फकस्त तुमची वाटणी थोरल्याच्या रानातनं घ्या!" कोंबडं कापलं. घरातल्या म्हातारीनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. थोरला काठी घेऊन यायच्या आत बाळाप्पा ताटावरून उठला, तर धाकटा वेशीपर्यंत मागं पळत आला, "अण्णा, निदान अंगठा तरी उठवून जावा!"

ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. "मग उठलास कशाला आप्पा? कोंबडं तरी संपवायचं!" तर म्हणायचा, "म्हातारीनं दृष्ट काढली रं. मग खोटं बसवंना."

आमच्याकडं बोलण्यात 'आमच्यात' हा शब्द मिठासारखा असतो. आमच्यात हळद आदल्या दिवशी, आमच्यात पुरणात जायफळ घालत न्हाईत, आमच्यात थोरल्या जावंचं नाव घेत न्हाईत. बाळाप्पा ही सगळी 'आमच्यात' कान टवकारून ऐकायचा. पण त्याच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नव्हता. हे ध्यानात यायला मला फार वेळ लागला.

आणि तो हेळवी! हेळवी म्हणजे बैलावर बसून गावोगाव हिंडणारा माणूस. सुगी झाली, भात घरात आलं की तो यायचा, दारात बसून त्या घराच्या पिढ्या मूळपुरुषापासून म्हणून दाखवायचा आणि सूपभर भात घेऊन पुढं जायचा. आमच्या दारात त्याची म्हणणी चालली की बाळाप्पा कुंपणावरून मान काढून त्यालाच दुरुस्त करायचा, "तसं न्हवं, यस्वंता धाकटा!" पण हेळव्याचा बैल त्याच्या स्वतःच्या दाराकडं वळला की हा आधीच सूप भरून उभा. "घ्या. आमचं म्हणायचं न्हाय. चला फुडं." आम्ही म्हणायचो, भितोय लेकाचा, हेळवी सरदाराचा नांगऱ्या करील म्हणून.

तर या बाळाप्पाची पोरगी शेवंता लग्नाला आली. नंदगडचं स्थळ सांगून आलं. पोरगा कामाचा, घर खातंपितं, आणि शेवंतानं दाराआडून बघून घेतलं होतं. आईनं विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं?" आणि दिवसभर गुणगुणत भांडी घासली. म्हणजे पसंत होतं.

बैठक बसली. नंदगडकरांकडून मुलाचा थोरला चुलता, रामूतात्या. पांढऱ्या मिशा, मोजकं बोलणं. सुपारी फुटली, देणंघेणं ठरलं, आणि तात्यानं सहज विचारलं, "देवक काय तुमचं?"

आमच्या मराठ्यांत प्रत्येक घराण्याचं देवक असतं. कुणाचं वड, कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस. लग्नात ते मांडवात बसवतात. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर ती भावकी झाली, सोयरीक मोडली. मी लोडाला टेकून पाय लांब केले. म्हटलं, आता सरदारांची फौज निघणार, दिवस मावळल्याशिवाय सुटका नाही.

बाळाप्पा म्हणाला, "ठावं न्हाय."

मी त्याला कोपरानं ढोसलं. "आप्पा, कळंब म्हण की. गंगाक्काच्या घरचं म्हणून मोकळा हो!" त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.

"तात्या, गंगाक्का माझी मावशी न्हवं," तो म्हणाला. "तिला भनच न्हवती. जाताना सांगितलं तिनं मला. पलेगात लोकं गाव सोडून माळावर झोपड्या घालून ऱ्हायली हुती. कुणबी-मराठ्यांच्या झोपड्या एकीकडं हुत्या. कुठकुठली माणसं आलेली. तिथं एका दारात मी रडत बसलो हुतो, आन् आत उठून बघणारं कोण न्हवतं. तिनं उचललं. नाव इचारायला माणूस ऱ्हायलं न्हवतं, म्हणून तिनं बाळ म्हटलं. ते निपाणी-बिपाणी तिनं मनानं घातलेलं."

आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"मी सगळ्यास्नी इचारत फिरलो. लोक म्हणत्यात, ह्येला रान पायजे. ह्यो कारकून म्हणतोय, सरदार पायजे. मला काय बी नको. पलेगात कुणाच्या घरातलं एक पोर कमी पडतंय काय, तेवढंच बघत हुतो. आता तुमच्यात पोरगी देतोय. ते पोर तुमच्याच घरचं असलं, तर मी पोरीला भावाच्या घरात घालतोय. म्हणून खोटं सांगवत न्हाय. सोयरीक मोडली तर मोडू दे. तुमीच सांगा तात्या, तुमच्यात पलेगात कोण कोण गेलं?"

हाच प्रश्न मी किती वेळा ऐकला होता! बारशाला, बाजारात, जत्रेत. दर वेळी हसलो होतो. त्या दिवशी लांब केलेले पाय मी आखडून घेतले.

रामूतात्यानं हातातला विडा खाली ठेवला. "आई गेली," तो म्हणाला. "दोन भाऊ गेले. धाकटी भन गेली, पाळण्यातली. मी जाणता हुतो. सगळी माझ्या हातानं पोचवली. त्यातलं कुणी बी मागं सुटलं न्हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी आमचं न्हाय, बाळाप्पा."

म्हणजे स्थळ पक्कं झालं! याहून गोड बातमी नव्हती. आत चुलीवर शिऱ्याची कढई चढली, शेवंताचा हुंदका ऐकू आला, कुणीतरी तिला 'येडी का खुळी' म्हणून दटावलं. बाळाप्पा "बरं झालं, लई बरं झालं" असं म्हणत राहिला आणि सोग्यानं तोंड पुसत राहिला. आणखी एक घर त्याचं नव्हतं. माझ्या आयुष्यात एकाच माणसाला एकाच वेळी एवढा आनंद आणि एवढं दुःख झालेलं मी पाहिलं नाही.

"देवक गंगाक्काचंच धरा," उठताना तात्या म्हणाला. "मेल्या दारातनं तिनं उचललं. आनी कुणाचं धरणार?"

वैशाखात लग्न झालं. मांडवात कळंबाची फांदी बसवली. बाळाप्पानं त्या दिवशी वाजंत्र्याला 'त्येच्या वर कोण' विचारलं नाही, तेव्हा लोकांना वाटलं, आप्पाला ताप आलाय.

सुगीला हेळवी आला. आमचं दार झालं, बैल पुढं वळला. मी कुंपणाशी उभा होतो. बाळाप्पा सूप घेऊन उभा नव्हता. त्यानं घोंगडं अंथरलं होतं.

"बसा," तो म्हणाला. "आज आमचं घाला."

हेळवी मांडी घालून बसला, घसा साफ केला. "सांगा. मूळ कोण?"

"गंगाक्का."

हेळवी चुळबुळला. किती गावं हिंडलेला माणूस, पण असं दार त्याला भेटलं नव्हतं. "आप्पा, बाईमाणसाचं नाव मुळाला घालत न्हाईत. तिचा दादला सांगा. त्येच्या वर कोण, ते सांगा."

बाळाप्पानं भाताचं सूप त्याच्या पोत्यात उपडं केलं.

"आमच्यात घालत्यात," तो म्हणाला.