बॅटरी हलायला नको

आमच्या शेजारचे तात्या कोणतीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून हलवतात. एकदा माझा जेवणाचा डबा असाच हलवला. झाकण पक्कं नव्हतं, हे आमटी पायरीवर सांडल्यावर कळलं. "बघा ताई, ढिलं हुतं," तात्या म्हणाले. आमटीबद्दल चकार शब्द नाही.

तात्या मूळचे कर्जतकडचे. आयटीआयमध्ये फिटरकाम शिकवून निवृत्त झाले आणि केडगावात आमच्या शेजारी आले. त्यांना रिमोटची विमानं उडवायचा नाद. पहिलंच विमान वर गेलं, पोटातली बॅटरी मागे सरकली, शेपूट जड झालं. नाक आभाळाकडे करून विमान थबकलं आणि कुणाच्या तरी कांद्यात जाऊन पडलं. तेव्हापासून एकच पालुपद, "बॅटरी हलली की इमान मेलं." बॅटरीखाली वेल्क्रो, वरून एक निळा पट्टा, त्यावर आडवा दुसरा. मग विमान उलटं धरून गदागदा हलवायचं आणि कान लावून ऐकायचं. तोवर वारा सुटतो आणि बऱ्याचदा विमान न उडताच घरी येतं.

"इमानाला दोन पट्टे," तात्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "आन् माझ्या चपलेचा तुटलाय, त्यो दिसत न्हाई."

गेल्या हिवाळ्यात काकू चक्कर येऊन ओट्यापाशी पडल्या. नाडी फार मंद चालतेय, पेसमेकर बसवावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी माझी, म्हणून सोबत मी. ऑपरेशन संपेपर्यंत तात्या बाकावर टेकले नाहीत. मी दिलेला चहा नुसता हातात धरून उभे.

डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं म्हणाले.

"बॅटरी कशानं बांधलीय?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगून टाका, नाहीतर आत जाऊन बघतील."

"कातडीखाली छोटा कप्पा केलाय, त्यात ठेवून टाक्याने पक्की केली आहे."

"एकच टाका?"

"पुरतो, आजोबा."

"सरकनार न्हाई?"

"नाही. फक्त काही आठवडे तो हात खांद्याच्या वर नेऊ देऊ नका."

तात्या बाकावर बसले. गार झालेला चहा एका घोटात संपवला. मलाही तेव्हाच आठवलं की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

दोन दिवसांनी काकूंना घरी आणलं. तात्या मागे त्यांच्याशेजारी बसले. केडगावचा पहिला गतिरोधक दिसताच म्हणाले, "ताई, हळू घ्या. हलवू नका."

"मी काय इमान हाय का?" काकू म्हणाल्या.

घराशी आल्यावर मी मागचं दार उघडलं. काकूंच्या पायात जुन्याच चपला होत्या. तुटलेल्या पट्ट्याच्या जागी विमानाचा निळा पट्टा होता, आणि त्यावर आडवा दुसरा. तात्यांनी वाकून दोन्ही एकेकदा ओढून बघितले आणि मगच काकूंना पाय खाली टेकू दिला.