फ्रीजकडचा बुधवार

त्या आठवड्यात हेमांगी धारपच्या घरी बुधवार आला नाही. मंगळवारी रात्री दिवे मालवून ती झोपली आणि उठली ती थेट गुरुवारात. दारात गुरुवारचा पेपर पडला होता, मोबाइलवरही गुरुवारच होता आणि खालच्या दत्ताच्या देवळात हारवाल्याभोवती गुरुवारची गर्दी होती.

आधी तिला बरंच वाटलं. बुधवारी तिला दवाखान्यात जायचं होतं. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, त्याचा निकाल डॉक्टर सांगणार होते. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा गेल्यापासून घरात सांगण्यासारखं माणूस उरलं नव्हतं. बुधवारच नाही म्हटल्यावर निकालही नाही. तिने चहा केला, त्यात टोस्ट बुडवून खाल्ले. पण चहा संपता संपता ते बरं वाटणंही संपलं. तिने दवाखान्यात फोन लावला.

"अहो, माझ्याकडे बुधवार आलाच नाही."

"होतं असं कधीकधी," पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली. "इथे चालू आहे बुधवार. डॉक्टर संध्याकाळपर्यंत आहेत."

"मग मी निघू?"

"गुरुवारातून कशा याल, मॅडम? गुरुवारी आमचं बंद असतं. तुम्हाला कुलूपच दिसेल."

"कुणाकडून मागून आणला तर?"

"दुसऱ्याचा चालत नाही. निकाल तुमचा, तर बुधवारही तुमचाच लागेल. आधी शेजारी बघा. फार लांब जात नाहीत ते."

समोर कुंदाताई टिपणीस राहायच्या. सत्तरी उलटलेल्या, एकट्याच. जाता-येता हसण्यापलीकडे दोघींचं फारसं काही नव्हतं. अलीकडे तर हेमांगी तेही टाळायची. तिने बेल वाजवली.

"बरं झालं आलीस," दार उघडता उघडताच कुंदाताई म्हणाल्या. "सकाळपासून घरात दोन-दोन बुधवार आहेत. दूध दोनदा आलं, बाई दोनदा आली, आणि दुसऱ्या खेपेला माझ्याशी भांडून गेली. त्यातला एक तुझा तर नाही?"

दोन्ही बुधवार स्वयंपाकघरात होते. खिडकीकडचा लगबगीचा होता आणि त्याला तळलेल्या बोंबलांचा वास येत होता. दुसरा फ्रीजकडे गप्प होता. तिथे पडलेला पिवळट उजेड हेमांगीच्या ओट्यावर पडायचा तोच होता.

"हाच माझा," ती म्हणाली. "चल रे."

बुधवार हलला नाही.

"उपाशी आहे तो," कुंदाताई म्हणाल्या. "तुझ्याकडे बुधवारी काय असायचं?"

हेमांगीला आठवावं लागलं. "डाळिंब्यांची उसळ. ह्यांना आवडायची. आता एकटीसाठी कोण वाल सोलत बसणार?"

"म्हणजे त्याला टोस्टच. मग येईल कशाला बिचारा?"

कुंदाताईंनी मोड आलेल्या वालांचं भांडं पुढे ओढलं, त्यात कोमट पाणी ओतलं. "आमच्यात ह्याचं बिरडं करतात. पण सोलायचे सगळ्यांनाच लागतात. बस."

दोघी समोरासमोर बसल्या. वाल चिमटीत धरायचा, दाबायचा, की दाणा सालातून सुटून यायचा. सालांचा ढीग वाढत गेला. मग खालची मान वर न करता हेमांगी म्हणाली, "कुंदाताई, मला गाठ आहे."

कुंदाताईंचे हात थांबले नाहीत. "कुठे?"

"छातीत."

"निकाल कधी आहे?"

"आज. म्हणजे ह्याच्यात." तिने हनुवटीने फ्रीजकडे दाखवलं.

"मग आटप. खोबरं मी खवते."

उसळ झाली. आमसूल, गूळ, वर खोबरं. बुधवारासाठी फ्रीजजवळ पान वाढलं. तो कधी जेवला ते दोघींनाही दिसलं नाही, पण पान रिकामं झालं आणि पिवळट उजेड हळूहळू दारापर्यंत सरकला. कुंदाताईंनी गॅस बंद केला, आपला बुधवार घरीच ठेवला आणि चप्पल घातली.

"तुम्ही कशाला?" हेमांगी म्हणाली.

"तुझ्या बुधवारात दोघींना पुरेल एवढी जागा आहे. चल."

दवाखान्यातल्या मुलीने वर पाहिलं. "तुमचाच ना?"

"माझाच. शेजारी जेवायला गेला होता."

"बसा."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. गाठ चांगली नव्हती. पण लवकर सापडली होती, आणि औषधाला दाद देण्यासारखी होती. थंडी सरेपर्यंत दर बुधवारी येऊन औषध घ्यावं लागणार होतं.

"एकही बुधवार चुकून चालणार नाही," ते म्हणाले. "तुमच्याकडे नियमित येतो का?"

हेमांगीने कुंदाताईंचा हात धरला.

"येईल," कुंदाताई म्हणाल्या. "आला नाही तर माझ्याकडेच असेल. मी घेऊन येईन."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

बाहेर ऊन उतरलं होतं. दोघी रिक्षात बसल्या. हेमांगी जरा वेळ रडली, मग तिने पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या आठवड्यात पडवळ मिळेल का, असं विचारलं. कुंदाताई म्हणाल्या, मिळेल, पण कोवळं बघून घ्यावं लागेल.

सिग्नलला रिक्षावाला मागे वळला. "ताई, आधीच सांगतो, माझा अजून मंगळवारच चालू आहे. पोचायला थोडा उशीर होईल."

"होऊ दे," हेमांगी म्हणाली. "सावकाश चालवा."