हसनभाईंचे तरणे तारे

तागे न्यायला आलेल्या व्यापाऱ्याला आमचे शेजारी हसनभाई आधी आकाशगंगा समजावत, मग कापडाचा भाव सांगत. तेही ओरडून. जन्म लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात गेलेला, त्यामुळे मयताच्या घरीसुद्धा हा माणूस ओरडूनच सांत्वन करायचा.

कुठल्याशा पेपरात त्यांनी वाचलं होतं. आकाशगंगेच्या अगदी मध्याशी एक काळं विवर आहे, जवळ येईल ते ओढून फाडतं. तिथे नवा तारा जन्मणं कठीण. पण शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर तिथे तरणे तारे!

"वैनी, जिथं काय टिकायचं न्हाय, तिथंच पोरं खेळतात! क्या समझी?"

मी चौथी शिकलेली. मला सगळे तारे एकाच वयाचे दिसतात. "भाई, तुमच्या छपराचा पत्रा उडायला आलाय, तो बघा आधी," मी म्हणायची.

या वेडाला कारण होतं. मुलगा आणि सून कल्याणला राहायला जायचं म्हणत होते. लूम घराच्या भिंतीला लागून, नात झोया पाच महिन्यांची. सून शबाना म्हणे, पोरीला शांत घर पाहिजे. बायको वारलेली, ही तिघं गेली की घरात हसनभाई एकटेच. म्हणून सुनेलाही तेच तारे ऐकवायचे.

एकदा ती म्हणाली, "अब्बा, ताऱ्यांना कान नसतात."

त्या दिवशी आलेल्या व्यापाऱ्याला हसनभाईंनी नुसता कापडाचा भाव सांगितला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लाईट असताना लूम थांबले. ते भारनियमनाचे दिवस. लाईट असताना भिवंडीत कोणी लूम थांबवत नसे. मला वाटलं, म्हातारा गेला. धावले. तर हे बटणापाशी उभे.

"बच्ची सो रही है," कामगारांना म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हळू.

तेवढ्यात झोया उठली आणि असा टाहो फोडला की गल्ली गोळा झाली. मी घेतलं, शबानाने घेतलं, छे! चाळीस दिवसांची होऊन आजोळहून आली तेव्हापासून ती त्या खडखडाटातच झोपलेली. शांततेलाच घाबरली.

"सेठ, मशीन चालू करो, बेबी को नींद नहीं आ रही!" कामगार हसायला लागले.

"अब्बा, करा चालू!" शेवटी शबानाच ओरडली.

लूम सुरू झाले. पोरीने जांभई दिली आणि झोपली. शबाना हसून हसून खाली बसली. कल्याणचं मात्र काही बोलली नाही.

चार दिवसांनी घराच्या मागच्या अंगाला, लूमपासून लांब, गवंडी नव्या खोलीचं माप घेत होता. हसनभाई माझ्या दारात आले.

"वैनी, खिडकी कुठल्या बाजूला ठेवू, जरा सुनेला विचारा."

"का? तुम्हाला तोंड नाही?"

"मी विचारलं तर तिला वाटेल, म्हातारा अडकवतो. जायचं असेल तर जाऊ दे. पण विचारा."

मी गेले. शबाना दुपटी वाळत घालत होती. विचारलं. हातातलं दुपटं तिने नीट झटकलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला.

"पूर्वेला," ती म्हणाली. "आणि जरा खाली काढायला सांगा, काकी. झोया उभी राहायला लागली की तिला बाहेरचं दिसलं पाहिजे."