गफूरसरांचा सक्तीचा प्रश्न

लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे गफूरसर तोंडी म्हणून काही विचारत नसत. स्टाफरूममधला पंखा कितीवर ठेवावा, हे ठरवण्यासाठी त्यांनी एकदा आम्हा तिघांच्या मोबाइलवर प्रश्नावली धाडली. आम्ही तिघेही त्यांच्यासमोर, त्याच पंख्याखाली बसलो होतो. निकाल हाती येईपर्यंत पंखा बंद ठेवण्यात आला.

"तोंडी इचारलं की माणूस समोरच्याचं तोंड बघून बोलतो, मास्तर," ते मला समजावीत. "बटन दाबताना कुणाचं तोंड दिसत न्हाई. खरं बाहेर येतंय."

त्यांच्या प्रत्येक प्रश्नापुढे लाल चांदणी असे. म्हणजे उत्तर दिल्यावाचून पुढे सरकता येत नसे. कँटीनच्या पोह्यांविषयीच्या सर्वेक्षणात मी 'वडिलांचे शिक्षण' या चांदणीपाशी अडकलो. स्वभाव भिडस्त, तक्रार करवेना. मी मुकाट्याने वडिलांचे शिक्षण लिहिले आणि मगच पोह्यांत मीठ कमी असल्याचे नोंदवू शकलो.

त्या वर्षी वसतिगृहातली उदगीरची अश्विनी जेवणाचा डबा जसाच्या तसा परत पाठवू लागली. दिवाळीनंतर एकही मूल घरी गेले नव्हते, कारण दर रविवारी चाचणी असे. गफूरसर संचालकांकडे गेले आणि मुलांना एक रविवार तरी घरी जाऊ द्या, म्हणाले.

"पोरं खूश आहेत, सर," संचालक म्हणाले. "नसतील तर आकडे दाखवा."

आकडे म्हणताच गफूरसरांचा चेहरा उजळला. संध्याकाळी सर्वांच्या मोबाइलवर निनावी प्रश्नावली गेली. प्रश्न एकच, चांदणीसह: 'घरची आठवण येते का?' पर्याय तीन: रोज, कधी कधी, नाही.

परंतु पर्याय दिसले की त्यांतला बरोबर कोणता, एवढेच पाहण्याची सवय आम्हीच मुलांना लावलेली. वसतिगृहात त्या प्रश्नावर गटचर्चा झाली. शेजारच्या क्लासमधल्या कुणी 'संभाव्य उत्तर' फिरवले. अहमदपूरहून एका वडिलांनी मला फोन करून विचारले, "सर, आमच्याला किती पडले?" शेवटी रात्री निकाल लागला. झाडून साऱ्या मुलांनी 'नाही' निवडले होते.

"शंभर टक्के," गफूरसर खुर्चीत बसत म्हणाले. "फिजिक्सला असा निकाल कधी लागला न्हाई."

संचालक मात्र हरखले. 'आमच्या विद्यार्थ्यांना घर आठवत नाही!' असा फ्लेक्स छापायचे त्यांनी ठरवूनही टाकले आणि दुसऱ्या दिवशी त्यासाठी वर्गाचा फोटो घ्यायला आले. तास माझा होता. तेवढ्यात गफूरसर आत शिरले.

"कालच्या प्रश्नाची उत्तरसूची," असे म्हणून त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: रोज. "कुणाची हरकत?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे माझा मार्क गेला?"

"हाव. गेला."

"मी पहिल्यांदा 'रोज'च केलतं, सर! यानं बदलायला लावलं!"

"मी बी 'रोज'च करून राहिलो होतो!"

क्षणात कल्लोळ उडाला. गेलेला मार्क परत मिळावा म्हणून सगळा वर्ग, घरची आठवण रोज येते, असे ओरडून सांगू लागला. अश्विनी तेवढी ओरडली नाही. ती बाकावर डोके टेकवून रडत होती.

संचालकांनी मोबाइल खाली घेतला. "एक रविवार," ते घसा खाकरून म्हणाले. "एकच."

त्या रविवारी सकाळी मी बसस्थानकावर गेलो, तर गफूरसर मुलांना गाड्यांत बसवून देत होते.

"सर, तुमची गाडी?" उदगीरच्या गाडीच्या खिडकीतून अश्विनीने विचारले.

"मागून हाय. तू नीट जा."

औशाकडची, त्यांच्या गावाकडे जाणारी गाडी लागली आणि सुटलीही. ते चढले नाहीत. त्यांचे गाव भूकंपात गेले, एवढे मला ठाऊक होते. अधिक विचारण्याचे धैर्य कधी झाले नव्हते. त्या दिवशी कसेबसे विचारले, "पुनर्वसनाच्या नव्या गावात घर मिळालं ना तुम्हाला?"

"हाय की. लई पक्कं हाय. पर अम्मीनं ते बघितलंच न्हाई, मास्तर. तिथं गेलं की दुसऱ्याच्या घरी पाव्हणा आल्यावानी वाटतंय."

मी चहाला चला म्हटले. त्यांनी बाकावर रुमाल पसरला आणि त्यावर बसले.

"तुम्ही जावा. सांजच्याला पोरं घरून परत येतील, तोंडं पाडून. तवा हितं कुणीतरी ओळखीचं पाहिजे."

सकाळचे नऊही वाजले नव्हते.