पेटी ओली राखण्याचा हुकूम

यावे, सज्जनहो, असे जवळ सरकून बसावे. मागच्यांनी मान उंच करण्यापेक्षा पुढेच यावे. भगवंताचे नाव घेऊन एका पेटीची हकीकत सांगतो, ती चित्त देऊन ऐकिली पाहिजे.

आमचे दंतवैद्य, दाढदुखीचे काळ, हिरड्यांचे कैवारी, यांचे पदरी सिगारींची एक पेटी होती. लाकूड सुवासिक, झाकण घट्ट, आत दमटपणा दाखविणारा काटा. तो सत्तराचे आसपास राहावा ऐसा शिरस्ता. सिगारी जहाजावरील इंजिनियर दोस्ताने दिल्या आणि वचन घेतले जे, तू दवाखान्यास कायमचे कुलूप लावशील त्या दिवशी दोघे मिळोन ओढू, तोवर मुरू देत. मग दोस्तच आधी वैकुंठवासी जाहला, आणि इकडे कुलपाचा दिवस जवळ आला.

ऐशियात खासा स्वारी कबिल्यासह लेकीचे घरी रवाना जाहली आणि मागील बंदोबस्त मेहुण्याचे हवाली केला. फर्मान सुटले जे, लाकडी पेटी कोरडी पडो न द्यावी, ओला स्पंज आत ठेवीत जावा. मेहुणे हुकमाचे पक्के. शर्थ केली.

स्वारी परतली. बाईसाहेब गावयास बसल्या आणि भाता दाबिला, तो सुराऐवजी आतून घशात पाणी अडकल्याचा आवाज आला. एकच हाहाकार उडाला.

"अरे शहाण्या, माझ्या पेटीत स्पंज कोणी कोंबला?"

"भावजींनीच सांगितलं, पेटी ओली ठेव!"

"अरे, लाकडी पेटी म्हणालो मी!"

"मग ताईची काय पत्र्याची आहे?"

हा सवाल ऐकताच दंतवैद्यांनी धावत जाऊन सिगारींची पेटी उघडिली, तो काटा रसातळास आणि सिगारी बोटाखाली कुरकुरताहेत. मेहुण्यांनी मसलत दिली, "किटलीची वाफ देतो, लगेच मऊ!"

"सिगारीचं वरचं पान तडकेल, बाबा! हिरडीसारखं हळू घ्यायचं असतं."

मग बाईसाहेबांनी तहाचे कलम घातले जे, आधी माझी पेटी सुकवावी, मग तुमची भिजवावी. सबब मोहीम दुहेरी जाहली. एका खोलीत मेहुणे पंखा धरोन सुरांच्या पट्ट्यांतील पाणी हटवीत, आणि दुसऱ्या खोलीत दंतवैद्य दवाखान्यातील शुद्ध पाण्याने स्पंज जेमतेम ओलावोन कोपऱ्यात ठेवीत, आणि काटा मुंगीचे पावलाने चढे, आणि उघडून पाहण्याचा मोह आवरता आवरेना.

कुलपाचा दिवस उगवला. दवाखाना बंद करोन स्वारी घरी आली, पेटी उघडिली, सिगार हलकेच दाबिली. दबली, तडकली नाही! एक आपण पेटविली, आणि दोस्ताच्या वाटची क्षणभर हाती धरोन मेहुण्यास दिली. मेहुण्यांनी धूर ओढिला आणि ऐसे खोकले, की शेजारी बाईसाहेब वाजवीत होत्या त्या पेटीतील काळी दोनची पट्टी, जी अजून पुरती सुकली नव्हती, तीही त्याच सुरात खोकली. दंतवैद्य हसता हसता डोळे पुसो लागले आणि म्हणाले, डोळ्यांत धूर गेला.

येणेप्रमाणे दोन्ही पेट्यांची फत्ते जाहली. आता, मायबापहो, देवापाशी हात जोडाल तेव्हा त्या जहाजवाल्या दोस्ताची आठवण धरावी, आणि त्यास एवढे कळवावे जे, सिगार उत्तम मुरली होती.